दारापर्यंत ऐकू येणारा आवाज

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. आमच्या बीडकडे पंप म्हटलं की लोकांना विहिरीवरची मोटार आठवते, नाहीतर बोअरमध्ये सोडलेली. मी तो नव्हे. मी आयुष्यात थेंबभर पाणी उपसलेलं नाही. तळहाताएवढा, निळ्या प्लास्टिकच्या पेटीतला मी, घरातल्या माशांच्या टाकीत हवा सोडणारा पंप. सध्या माझा मुक्काम कौशल्याकाकूंच्या फडताळात, शिलाई मशीनच्या तेलाच्या डबीशेजारी आहे. रिकामा वेळ भरपूर आहे आणि मनावर एक ओझं आहे. ते आज तुमच्यापाशी उतरवावं म्हणतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. माझ्या खोक्यावरची अक्षरं मलाच वाचता येत नव्हती. पोटात तांब्याच्या तारेचं एक वेटोळं, एक लोहचुंबक आणि रबराचा एक छोटा पडदा, एवढाच माझा संसार. वीज आली की तो पडदा थरथरतो आणि हवा बारीक नळीतून टाकीच्या तळाशी जाते. तिथं एक खडबडीत, भोकाभोकांचा दगड असतो. त्याच्यातून बुडबुड्यांची माळ वर निघते.

मला घरी आणलं ते मुक्तानं. ती काकूंची लेक. बारावीला चांगले गुण पडले म्हणून तिनं बक्षीस मागितलं, ते माशांची टाकी. बीडच्या दुकानदारानं काचेची टाकी, पाच गोल्डफिश आणि मी, असा सगळा संसार तिच्या हवाली केला. वर बजावलं, "पंप पाण्याच्या वर टांगा. खाली ठिवला तर लाईट गेल्यावर पाणी नळीतनं उलटं येतं, मग पंप बी जातो अन् पाणी बी." मुक्तानं मला टाकीच्या वर खिळ्याला टांगलं आणि माझ्या पाठीमागं जुन्या ओढणीची घडी सारली. तरीही माझा घुर्रर्र आवाज भिंतीतून घरभर जायचा आणि बुडबुड्यांचा त्याच्याही पुढे.

लोकांना वाटतं, मासे ते बुडबुडेच गिळतात. तसं नसतं. बुडबुडे वर जाताना तळाचं पाणी सोबत वर नेतात. वरचं पाणी हलतं, फुटतं, आणि फुटलेल्या पाण्यात हवा मिसळते. उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यात हवा कमी राहते, तेव्हा तर माझ्यावाचून पान हलत नाही. एवढं काम मी करायचो आणि त्याचा मला गर्व होता. संध्याकाळी गल्लीतल्या बाया टाकी बघायला यायच्या. "काकू, तुमच्या घरात वढा वाहतोय जनू," असं त्या म्हणायच्या. काकू हसायच्या. शिरूर कासारच्या अलीकडचं आमचं गाव, ओढा तिथं वर्षातून दोन महिने वाहिला तरी पुष्कळ. तो बारा महिने माझ्यामुळं वाहतो म्हटल्यावर मी कसला फुगलो असेन, विचारा.

पुढे मुक्ता नर्सिंग शिकायला अंबाजोगाईला गेली. जाताना तिनं काकूंना दोन गोष्टी बजावल्या. "आई, पंप बंद करायचा न्हाई. अन् नवं पाणी एकदम वतायचं न्हाई." काकूंनी मान डोलावली. पुढे त्यांना त्या माशांचा इतका लळा लागला की मुक्ताचा फोन आला की आधी माशांची खुशाली निघायची आणि मग तिच्या बापाची.

तिचे वडील मोहनराव, गावच्या दूध सहकारी संस्थेचे सेक्रेटरी. बोलायला गोड माणूस. गावात काहीही ठरायचं ते संस्थेच्या ओसरीवर, आणि लिहायचं ते मोहनरावांनी.

मग ते वर्ष आलं. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, तेच. आमच्याकडे माघातच विहिरींचे तळ दिसायला लागले. टँकर सुरू होणार म्हणून यादी झाली. घरटी दोन टिपाडं, म्हणजे पत्र्याची पिंपं, पाणी, चार दिवसांतून एकदा. मोहनरावांनी ओसरीवर बसून यादी लिहिली, हजर असतील त्यांची. निम्मी गल्ली तेव्हा ऊस तोडायला कारखान्यांकडं गेलेली, दारांना कुलपं. "कुलपाला काय तहान लागती व्हय?" असं मोहनराव जेवताना हसत म्हणाले. काकूही हसल्या. मीही भिंतीवर आपला घुरघुरत राहिलो. त्या हसण्यात आपण तिघंही होतो, हे मला फार उशिरा कळलं.

त्या साली ऊसच नव्हता. कारखाने लवकर बंद झाले आणि माणसं फाल्गुनातच परतली. कुलपं निघाली, पण यादीत नावं नव्हती. मोहनराव म्हणाले, यादी तालुक्याला गेली, आता नवी होईल तेव्हा बघू. तोवर त्या माणसांनी दीड कोसावरच्या एका विहिरीला जायचं, तळाशी वाटीनं पाणी गोळा करायचं आणि घागर भरली की परत यायचं.

आमच्या घरी मात्र दोनाची तीन टिपाडं होती. तिसरं संस्थेचं, दुधाच्या कॅन धुवायचं. काकूंनी माशांसाठी पाणी वाया घालवलं असं मी म्हणणार नाही. टँकरच्या पाण्याला जंतुनाशक पावडरीचा उग्र वास यायचा. काकू एक बादली बाजूला ठेवायच्या, माझ्या नळीचा एक फाटा दिवसभर तिच्यात सोडायच्या, वास उडाला की तांब्या-दोन तांबे टाकीत घालायच्या आणि काढलेलं पाणी कढीपत्त्याला. हिशोबानं वागणारी बाई. पण टाकीत साठ लिटर पाणी होतं, ते होतंच.

चैत्रात एके दिवशी सकाळी दारात छबुबाई आली. सटवाची बायको, तीन घरं सोडून राहणारी, नुकतीच उसाहून परतलेली. हातात रिकामी घागर.

"काकू, एक घागर द्या. पोरीला ताप हाय. तिला सोडून हिरीवर जाता येईना, अन् हे पहाटंच कामाला गेलेत."

काकू दारातच उभ्या राहिल्या. मोहनरावांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, एकीला घागर दिली की दारात गल्ली उभी राहील. काकूंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "पाणी न्हाई गं छबू घरात. टिपाडं तळाला लागलीत."

काकूंचं बोलणं संपलं आणि मागून माझा आवाज दारापर्यंत आला. बुड बुड बुड बुड. भरल्या घरातल्या पाण्याचा आवाज. मला वाटलं, श्वास रोखून धरावा. पण माझा श्वास माझ्या हातात नाही, भिंतीवरच्या बटणाच्या हातात आहे. छबुबाईनं मान किंचित वाकडी केली. काकूंच्या खांद्यावरून तिला टाकी दिसली की नाही, ठाऊक नाही. ऐकू मात्र नक्की आलं. ती म्हणाली, "बरं काकू," आणि गेली.

 काकू आत आल्या, माझ्याकडे न बघता त्यांनी बटण दाबलं आणि मी गप्प झालो. थोड्या वेळानं त्यांनीच मला परत सुरू केलं. पण त्या दिवसापासून त्यांना खोड लागली. बाहेर पावलं वाजली, कुणी कडी वाजवली, की आधी माझं बटण बंद आणि मग दार उघडं. दुधाचा मापारी आला तरी बंद, पाहुणी आली तरी बंद. पाहुणी गेली की सुरू. माशांना काय, घटकाभर चालायचं. पाणी कुणी चोरलेलं नव्हतं, तरी काकूंच्या अंगाला चोराचं वागणं चिकटलं. आणि मी? मी मनातून काकूंवर रागावण्याऐवजी माझ्याच आवाजावर रागावलो. आपण जरा हळू वाजलो असतो तर बाईची लाज राहिली असती, असं मला वाटायचं. खरं तर पोरीच्या तापाचा विचार माझ्या मनात यायला हवा होता. तो आला नाही, हे कबूल करतो.

वैशाखात एक टँकरचा दिवस उजाडला. टँकर सेक्रेटरींच्या दारात थांबायचा, म्हणून बाया सकाळी सातपासून आमच्याच ओट्यावर नंबर लावून बसल्या. पाठ आमच्या खिडकीला. बाया येताच काकूंनी मला बंद केलं. टँकर नऊला यायचा तो अकरापर्यंत आला नाही. बाया बसून होत्या. ऊन पत्र्यावर चढत गेलं. काकू दोनदा टाकीपाशी आल्या, बटणावर बोट ठेवलं आणि खिडकीतून येणारी बोलणी ऐकून बोट मागं घेतलं. टँकर आला दीडला. मग एकच धांदल उडाली, नळ्या, टिपाडं, भांडणं. त्यात काकू मला साफ विसरल्या.

सगळं आटोपून त्या आत आल्या तेव्हा अडीच वाजले होते. पाचही मासे वर आले होते. तोंडं पाण्याबाहेर काढून उघडमीट करत होते. पाठीवर काळा पट्टा असलेला एक तर कलंडलाच होता. काकूंनी धावत येऊन बटण दाबलं.

लाईट गेलेली होती.

मित्रांनो, बटण दाबलेलं असावं आणि आपल्यात वीज नसावी, ही गोष्ट तुम्हाला कशी सांगू. समोर माझे मासे गुदमरत होते आणि मी खिळ्याला टांगलेलं रिकामं खोकं झालो होतो. काकूंनी नुकतंच भरलेलं टिपाड पाहिलं, तांब्या बुडवला, नाकाशी नेला. पावडरीचा वास डोळ्यांत जाईल इतका. ते पाणी घालायची सोय नव्हती. त्या तांब्या तसाच ठेवून दारात आल्या. टँकर गेला होता, बाया गेल्या होत्या. एकटी छबुबाई उरली होती. यादीत नाव नसल्यामुळं ती रांगेत नव्हती, सकाळपासून बाजूला थांबून होती. टँकरच्या नळीतून जे गळलं होतं ते दगडाच्या खळग्यातून वाटीनं घागरीत घेत ती बसली होती.

"छबू," काकू म्हणाल्या, "आत ये गं."

छबुबाई उठली. घागर घेऊन आली. आपल्याला पाण्यासाठीच बोलावलंय असं तिला वाटलं, हे तिच्या चालण्यावरून दिसत होतं. काकूंच्याही ते लक्षात आलं. त्यांचा हात वर झाला तो टाकीकडे.

"मासे मरायलेत," त्या म्हणाल्या. 

छबुबाईनं टाकीकडे पाहिलं, भरलेल्या तीन टिपाडांकडे पाहिलं. मग घागर भिंतीशी ठेवली, पदर खोचला आणि म्हणाली, "तांब्या द्या."

तिनं टाकीतलंच पाणी तांब्यात घेतलं, हात डोक्याच्या वर नेला आणि धार परत टाकीत सोडली. पाणी फुटलं, फेसाळलं. पुन्हा घेतलं, पुन्हा सोडलं. "कारखान्याकडं नदीच्या काठाला आमच्या पाचटाच्या कोप्या व्हत्या," ती सांगू लागली. "भोई लोक जित्ते मासे घमेल्यात ठिवायचे अन् असंच वरनं पाणी सोडत बसायचे. पाणी फुटलं पायजे काकू. पाणी फुटलं की मासा जगतो." काकूंनी दुसरा तांब्या घेतला. एकीचा हात भरून आला की दुसरी. जे काम मी जन्मभर फुशारकीनं केलं ते या दोघी तांब्यानं करत होत्या, आणि मी वरून नुसता बघत होतो.

अर्धा तास गेला असेल. छबुबाईनं हात न थांबवता विचारलं, "सकाळपासून या यंत्राचा आवाज न्हाई. सकाळी तर लाईट व्हती. कावून बंद व्हतं?"

काकूंचा तांब्या हवेतच राहिला. "मीच बंद केलं."

"कावून?"

"तुमाला ऐकू जाईल म्हणून."

छबुबाईनं आणखी एक तांब्या भरला, वर नेला, सोडला. "मी तर त्याच दिशी ऐकलं, काकू."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं काकू नंतर मुक्ताला म्हणाल्या.  त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते पुसायला हात मोकळा नव्हता. साठ लिटर पाणी त्या बाईच्या हातून कितीतरी वेळा गेलं असेल. ज्यातलं घोटभरही तिला नाही म्हणून सांगितलं होतं, ते पाणी.

पाचला लाईट आली आणि मी घुरघुरलो. तीन मासे खाली गेले आणि हळूहळू पोहू लागले. काळ्या पट्ट्याचा आणि सगळ्यात लहान, दोन मात्र गेले. काकूंनी ते कढीपत्त्याच्या बुडाशी पुरले. मग त्यांनी छबुबाईची घागर उचलली आणि टिपाडातून काठोकाठ भरली.

"ने गं. अन् रोज ये."

छबुबाईनं हात पुसले. तिनं घागरीतलं ते पाणी परत टिपाडात ओतलं, सगळं, एक थेंब न सांडता. "राहू द्या काकू," ती म्हणाली, "हाय आमच्या घरी पाणी."

तिच्या घरात पाणी नव्हतं. मला ठाऊक होतं, काकूंना ठाऊक होतं, आणि आपल्याला ठाऊक आहे हे छबुबाईलाही ठाऊक होतं. रिकामी घागर कमरेवर घेऊन ती गेली. काकू टिपाडाला धरून खाली बसल्या.

मोहनराव आले तेव्हा जमीन ओली होती आणि चूल थंड होती. काकू म्हणाल्या, "सटवाचं नाव लिवा. अन् उसाला गेलते त्या समद्यांची."

"अगं, यादी तालुक्याला..."

"मग आपलं नाव खोडा अन् त्यांचं लिवा. अन् ह्ये कॅनचं टिपाड उद्यापासून गल्लीचं. कॅन मी राखेनं घासीन."

  दुसऱ्या दिवशी मोहनराव स्वतः तालुक्याला गेले आणि आठ दिवसांनी अकरा घरांची नावं यादीत चढली. पण त्या संध्याकाळी मात्र काकू कुणाची वाट न बघता उठल्या. स्वतःच्या घरातली पितळी घागर भरून त्यांनी ती डोक्यावर घेतली. सेक्रेटरींच्या बायकोला डोक्यावर घागर घेतलेलं गल्लीनं कधी पाहिलं नव्हतं. छबुबाईच्या उंबऱ्यापाशी घागर ठेवून, हाकही न मारता, त्या परत आल्या.

सकाळी घागर आमच्या ओट्यावर होती. राखेनं घासून लख्ख केलेली, रिकामी. काकूंनी ती पोटाशी धरली. पाणी कामी आलं होतं. पोरीचा तो चैत्रातला ताप कधीच उतरला होता, हेही तेव्हा कळलं.

मित्रांनो, त्यानंतर मी सहा वर्षं चाललो. काकूंनी मला कधीही बंद केलं नाही, आणि दारही कधी लोटून घेतलं नाही. माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, आणि तो ऐकून कुणी पाणी मागितलं तर मिळायचं. आता माझ्या पोटातला रबरी पडदा ताठ झालाय. माझ्या जागी नवा पंप आहे, तो फार हळू वाजतो. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला पाण्याच्या वर टांगा, त्याचा दगड महिन्यातून एकदा घासा, नळीला वेढा पडू देऊ नका. लाईट गेली तर तांब्या घ्या, वरून पाणी सोडा. आणि दारात कुणी आलं म्हणून त्याला बंद करावंसं वाटलं, तर बटणावरचं बोट मागं घ्या आणि आधी दारातल्या माणसाला काय हवंय ते विचारा. मी बोललो तेव्हा मला वाईट वाटलं आणि गप्प बसलो तेव्हा दोन जीव गेले. यातलं कुठलं ओझं खरं माझं, ते मला फडताळात बसून अजून ठरवता आलेलं नाही.

छबुबाई आमच्याकडे येते. हळदीकुंकवाला येते, मुक्ताच्या लग्नात तिनं तीन दिवस भाकरी थापल्या. समोर ठेवलं तर पाणीही पिते. पण मागत नाही. त्या दिवसानंतर तिनं आमच्या दारात कधीच पाणी मागितलेलं नाही. म्हणून गल्लीच्या वळणावर तिची पावलं वाजली की काकू हातातलं काम टाकून उठतात, आणि ती उंबऱ्यापर्यंत पोचायच्या आत तांब्या भरून दारात उभ्या राहतात.